आमच्या मॅडमचं तोंड आणि चिलापीचं आतडं

सोलापुरात एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि त्यावर अख्खं शहर घड्याळं लावायचं, असं जुने लोक सांगतात. मी भोंगे ऐकलेले नाहीत. मी आमच्या मॅडम ऐकलेल्या आहेत. प्राणिशास्त्र विभागाच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी "हजेरी" एवढा एक शब्द उच्चारला, की खाली गाड्या लावत असलेली, आमच्या विभागाशी काडीचा संबंध नसलेली मुलं "येस मॅडम" म्हणून मोकळी व्हायची. कॉमर्सचा एक मुलगा तर वर्षभर अशी हजेरी देत राहिला आणि शेवटी प्राणिशास्त्राच्या परीक्षेला बसून पास झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो खोटं बोलणारा नव्हता. आमच्या विभागात ते काम माझ्याकडे असायचं.

अंगानं म्हणाल तर मॅडम मूठभर. इरकल साडी, कपाळावर विभूतीची बोटं, पायात पुरुषी सँडल आणि पर्समध्ये कडक भाकरी. ती भाकरी त्या दुपारी प्रयोगशाळेबाहेरच्या पायरीवर बसून मोडायच्या. मोडल्याचा आवाज झाला की समोरच्या इमारतीतले भूगोलवाले खिडकीत येऊन वर आभाळाकडे बघायचे. तिच्याबरोबर शेंगाचटणी आणि त्याबरोबर बोलणं. त्या बोलायच्या थांबल्या आहेत असं दृश्य विभागात कुणी पाहिलं नव्हतं. भूल देऊन त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा म्हणे त्यांनी टेबलावर पडल्या पडल्या मोठ्या आतड्याचं वर्णन केलं आणि शिकाऊ डॉक्टरांनी ते उतरवून घेतलं.

आता गंमत अशी, की या बाई पक्क्या शाकाहारी. गळ्यात लिंग, आणि घराण्यात कुणी अंड्यालाही हात लावलेला नाही. पण उजनी धरणातल्या चिलापी माशाचं आतडं त्यांना स्वतःच्या माहेरच्या गल्लीसारखं पाठ होतं. कुठं वळतं, कुठं अरुंद होतं, कुठं काय भेटतं. मासा ट्रेमध्ये घेतला की सुरी लावण्याआधी त्या वाकून त्याच्या कानापाशी, म्हणजे जिथं कान असायला हवा होता तिथं, कानडीत म्हणायच्या, "तप्पायितु, मरी." चुकलं रे, बाळा. हे प्रत्येक माशाला. एखादी विद्यार्थिनी घाईत न म्हणताच सुरी लावायला निघाली तर मॅडम तिचा हात धरायच्या. "घाई कसली? त्याला कुठं जायचंय, तुला कुठं जायचंय?"

मरी म्हणजे कानडीत पिल्लू. आम्हा विद्यार्थिनींनाही त्या मरीच म्हणायच्या. मी पहिल्या दिवशी घाबरले, कारण आमच्या गावात मरी म्हणजे गावावर येते ती. अर्थ कळल्यावरही भीती पूर्ण गेली नाही. मॅडमच्या हातात सुरी असताना त्यांनी "मरी, इकडं ये" अशी हाक मारली, की आम्ही आणि मासे सगळेच दोन पावलं मागे सरकायचो.

त्यांचा दुसरा आवडता कानडी शब्द "सुम्मनिरु". गप्प राहा. वर्ग गलका करायला लागला, पंखा खडखडायला लागला, विभागप्रमुख बैठकीत लांबण लावायला लागले, की सगळ्यांना एकच औषध, सुम्मनिरु. पंखासुद्धा ऐकायचा. हा शब्द त्यांनी जगाला वाटला. स्वतःसाठी एकही शिल्लक ठेवला नव्हता.

माझा पीएच.डी.चा विषय मोटारसायकलवर बसून आला. माढ्याकडचे एक आबा होते. शेततळ्यात चिलापी पाळायचे. एका सकाळी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दोन जिवंत मासे घेऊन ते थेट विभागात आले आणि कॅन मॅडमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, मासं खात्यात. लई खात्यात. पर अंगाला लागंना."

"घालता काय?"

"कोंडा, पेंड आन ही पिवळी पावडर." त्यांनी खिशातून पुडी काढली. "दुकानदार म्हणला घाला, रोग येत न्हाय."

पुडीतलं पिवळं म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. माणसाला, म्हशीला, कोंबडीला जंतूंवर देतात तेच प्रतिजैविक.

"रोग आला होता का?"

"न्हाय की. येऊ नये म्हणून."

"ताप येऊ नये म्हणून तुम्ही रोज सकाळी गोळी खाता का, आबा?"

"आमी कशाला खातोय? आमाला काय झालंय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "मरी, विषय शोधत होतीस ना? हा घे. पाणी बदलून ठेव त्याचं."

प्रश्न साधा होता. खाल्लेलं अंगी लागायचं तर पोटातल्या एन्झाइमनी, पाठ्यपुस्तकात ज्यांना विकरं म्हणतात त्यांनी, अन्नाचे तुकडे करायला हवेत. पिष्टाचे तुकडे करतं अमायलेज. औषध घातलेलं खाद्य खाऊन माशाच्या आतड्यातलं आणि यकृतातलं अमायलेज कमी होतं का? उत्तर शोधायची पद्धतही साधी, फक्त जीव काढणारी. एका टाकीतल्या माशांना नुसतं खाद्य, दुसऱ्या टाकीतल्यांना पावडर घातलेलं. मग आतडं आणि यकृत काढायचं, बर्फावर ठेवून घोटायचं, त्याचा अर्क नळीत घ्यायचा आणि त्यावर पिष्टाचं पाणी ओतायचं. वेळ झाली की आयोडिनचा थेंब. पिष्ट शिल्लक असेल तर निळं. अमायलेजनं खाऊन टाकलं असेल तर निळा रंग उडतो. जितका रंग उडेल तितकं एन्झाइम जास्त. पुढं रंग मोजायचं यंत्र होतं, पण मॅडमचा यंत्रापेक्षा डोळ्यावर जास्त विश्वास. "यंत्राला लाज नसते," त्या म्हणायच्या. "काहीही दाखवतं."

टेबलावर नळ्यांच्या दोन रांगा असायच्या. खिडकीकडची निरोगी माशांची, भिंतीकडची औषधवाल्या माशांची. आम्ही मुली हातमोजे आणि मास्क लावून काम करायचो. महामारीत आणलेल्या मास्कचे खोकेच्या खोके कपाटात पडून होते. मॅडम मास्क लावत नसत, कारण त्या काम करत नसत. त्या बोलत असत. खिडकीपाशी उभं राहून, नळ्यांवर वाकून, प्रत्येक नळीकडे बोट दाखवत, आल्यागेल्या पाहुण्याला समजावून सांगत. "हा बघा, हा गडी, काय तब्येत आहे याची." भिंतीकडच्या रांगेपाशी गेल्या की मात्र एकदम आवाज खाली, तोंडावर पदर. मी एकदा विचारलं तेव्हा माझ्या बुद्धीची कीव करून म्हणाल्या, "अगं, आजारी माणसाच्या उशाशी कुणी मोठ्यानं बोलतं का? काही रीत आहे की नाही?"

तर अशी ती रीत. नळीतल्या आतड्याच्या अर्कालाही आजारी माणसाचा मान देणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. ही रीत आम्हाला पुढं केवढ्याला पडणार होती, ते तेव्हा ना मला माहीत होतं ना चिलापीला.

निकाल आले ते बघून आम्ही नाचलो. निरोगी रांगेतलं निळं सपाट उडालेलं, औषधवाल्या रांगेत गडद. म्हणजे औषधानं अमायलेज धडाधड पडत होतं. महिन्यामागून महिने तेच. मॅडमनी आबांना फोन केला. मॅडमच्या फोनची अडचण अशी, की माढ्यात तो फोनशिवायही ऐकू गेला असावा. "आबा, पावडर बंद. आतडं रिकामं करतेय ती." आबांनी बंद केली. धरणाकाठच्या चार तळेवाल्यांना सांगितलं. त्यांनीही बंद केली. माझी मुदत संपायला थोडेच महिने राहिले होते, पण प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. माझ्या मावशीनं पेढे सांगून ठेवले होते. मी नावामागं डॉक्टर लावून सही कशी दिसते, ते करून बघायला लागले होते.

मग विभागाचा खुला दिवस आला. शाळांची मुलं, पालक, प्राध्यापक, आणि पहिल्या रांगेत फेटा बांधून आबा. मॅडमनी ठरवलं, आज लोकांना जादू दाखवायची. "दोन्ही रांगांच्या टोकाला एक एक मेलेली नळी ठेव," मला म्हणाल्या. मेलेली म्हणजे जिच्यातला अर्क आधी उकळून घेतलाय ती. उकळलं की एन्झाइम मरतं. मेलेलं एन्झाइम पिष्ट खात नाही. तिचा निळा रंग कायम राहणार, असं लोकांना दाखवायचं. एरवी आम्ही अशी एकच नळी ठेवायचो, तीही मोजायच्या यंत्रापाशी, दूर. रांगेत ती पहिल्यांदाच आली.

मॅडम खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. ते भाषण मी जन्मात विसरणार नाही. आतड्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळं त्यात आलं. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. शेवटी मी ओळीनं आयोडिन टाकलं. जिवंत नळ्यांचा रंग उडाला, टाळ्या. औषधवाल्या गडद राहिल्या, टाळ्या. भिंतीकडची मेलेली नळी निळीशार. खिडकीकडची मेलेली नळी मात्र हळूहळू फिकी पडत गेली आणि शेवटी पिवळट होऊन बसली.

आबा खुर्चीतून पुढे वाकले.

"मॅडम," ते म्हणाले, "मेलेलं खातंय की."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. वाक्य अर्धं राहिलेलं, बोट हवेत. मॅडमचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नळी उचलली, उजेडात धरली, मग भिंतीकडच्या नळीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि मग दोन बोटांनी स्वतःच्या खालच्या ओठाला स्पर्श केला.

लाळेत अमायलेज असतं, हे सातवीतल्या पोराला माहीत असतं. पोळी चावत राहिली की गोड लागते ती त्यामुळं. मॅडमनी हे हजारो मुलांना शिकवलं होतं. मोठ्यानं.

लोक गेल्यावर त्यांनी मला नव्या नळ्या मांडायला लावल्या. सगळ्या मेलेल्या, उकळलेला अर्क आणि पिष्टाचं पाणी. निम्म्या कापडानं झाकलेल्या, निम्म्या उघड्या. उघड्यांवर वाकून मॅडम बोलल्या. काय बोलल्या? चिलापीला उद्देशून बसवेश्वरांची वचनं म्हणाल्या, मग विभागप्रमुखांबद्दल त्यांचं जे खरं मत होतं तेही सांगून टाकलं. मी आयोडिन टाकलं. झाकलेल्या निळ्या, उघड्या फिक्या. तरी त्यांचं समाधान होईना. मग त्या नळ्यांपासून दूर दाराशी उभ्या राहून बोलल्या. निळ्या. जवळ येऊन बोलल्या. फिक्या.

"ही मी आहे," मॅडम म्हणाल्या. "आतडं नव्हे. ही मी."

मी नळ्यांकडे बघत राहिले. निरोगी रांगेपाशी रोजचं भाषण, आजाऱ्यांपाशी पदर. निरोगी माशांचं कितीतरी अमायलेज मॅडमच्या तोंडातलं होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत आम्ही तिघं. प्रमुख भले गृहस्थ, भांडण त्यांना उन्हाळ्यापेक्षा भयंकर वाटायचं. "मॅडम, एवढं कशाला मनावर घेता? दिशा तर तीच असेल ना? औषधानं कमी होतंय, एवढं खरंच असेल. मुलीची मुदत संपत आलीय. जरा खालीवर करून घ्या."

"खालीवर म्हणजे?"

"म्हणजे... तुमचा वाटा वजा करून."

"माझा वाटा किती, सर? सोमवारी मी घसा बसला म्हणून कमी बोलले होते. मंगळवारी खासदार येऊन गेले. काय वजा करू?"

"तरी पण..."

"सर, या मुलीला डॉक्टर करायचंय ना? का माझ्या थुंकीला करायचंय?"

प्रमुखांनी पाण्याचा ग्लास ओठाला लावला, मॅडमकडे पाहिलं आणि न पिता खाली ठेवला.

मी पायरीवर बसून रडले. कित्येक महिन्यांचं काम गेलं होतं, मुदत दारात उभी होती, आणि मावशीला पेढे रद्द करायला सांगायचं होतं. मॅडम शेजारी येऊन बसल्या. भाकरी मोडली, निम्मी माझ्या हातात दिली. "माझं नाव खराब होणार आहे, मरी, तुझं नाही. तुझं अजून झालेलंच नाही, खराब काय होणार? विद्यापीठाकडे मुदत मी मागते." आणि मागितली. अर्जात कारण लिहिलं, मार्गदर्शकाची लाळ. विद्यापीठातल्या लिपिकानं फोन करून विचारलं म्हणे, हा कुठला आजार. मुदत मिळाली.

त्याच आठवड्यात त्या मला घेऊन आबांकडे गेल्या. मी म्हटलं, फोन करा की. त्या म्हणाल्या, बंद करा असं फोनवर सांगितलं होतं, चुकलं हे तोंडावर सांगायला पाहिजे. तळ्याच्या बांधावर मोटर चालू होती, तिच्या वरताण आवाजात मॅडम बोलल्या, "आबा, मी सांगितलं ते चुकीच्या आकड्यांवरून सांगितलं."

"मंग पावडर घालायची व्हय?"

"ते अजून माहीत नाही."

आबांनी मोटर बंद केली. "आन हे माहीत न्हाय म्हणाय तुमी सोलापूरवरनं हितं आला?"

"हो."

"ती चार घरं मला शिव्या घालतील बगा," आबा म्हणाले. मग जाळं उचललं. "घ्या, नवीन मासं घ्या. आन या टायमाला जरा तोंड मिटून करा."

मॅडमना असं तोंडावर बोललेला आणि त्यानंतरही दोन पायांवर घरी गेलेला हा एकच माणूस.

आणि त्यांनी तोंड मिटलं. कसं सांगू तुम्हाला. आधी मास्क लावून बघितला. पण मास्क लावून त्यांचं बोलणं थांबत नव्हतं, नुसतं गाळून येत होतं. दुपारपर्यंत मास्क ओला व्हायचा. मग ठरलं, प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत एकही शब्द नाही. आत मास्क, आणि मास्कच्या आत मौन. हातांनी बोलायच्या. टाळी एकदा म्हणजे बर्फ आण, दोनदा म्हणजे मूर्ख मुली. माशाची क्षमा मागायची वेळ आली की कपाळ त्याच्यापर्यंत वाकवायच्या, डोळे मिटायच्या, आणि तेवढ्यात सगळं म्हणून व्हायचं.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या विभागांतून लोक तब्येत विचारायला आले. खिडकीत कबुतरांनी घरटं केलं. चौकीदार मॅडमच्या आवाजावर दुपारचा जागा व्हायचा, तो सलग झोपू लागला आणि त्याला ताकीद मिळाली. दिवसभर साठलेलं बोलणं घेऊन मॅडम संध्याकाळी पार्किंगमध्ये जायच्या आणि तिथं उभ्या असलेल्या एका बंद पडलेल्या स्कूटरला सगळं ऐकवायच्या. त्या स्कूटरला आज विचारलं तर ती अमायलेजवर व्याख्यान देईल. एकदा मी त्यांना त्या अवस्थेत गाठलं आणि म्हटलं, मॅडम, थोडं बोललात तरी चालेल, आम्ही नळ्या झाकतो. त्या म्हणाल्या, "झाकण तुमच्या हातात, तोंड माझ्या हातात. माझं माझ्याजवळ असू दे."

ज्या बाईनं भुलीत बोलणं सोडलं नाही तिनं एका मुलीच्या आकड्यांसाठी कित्येक महिने जीभ दाताखाली ठेवली, ही गोष्ट मी जगात कुठंही छाती पुढे काढून सांगेन. आणि ही मी वाढवून सांगत नाहीये. बाकीची कदाचित.

नवे आकडे आले. आतड्यातलं अमायलेज औषधानं खरंच कमी झालं होतं, पण आम्ही आधी डंका पिटला होता त्याच्या निम्म्यानंही नाही. यकृतात तर नाव घेण्यासारखा फरक नव्हता. औषध बंद केल्यावर आतडं हळूहळू सावरत होतं. एवढंच. जादू नाही, टाळ्या नाहीत. मॅडमनी पुन्हा माढा गाठलं आणि आबांना बांधावर बसून तेवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. आबा म्हणाले, "थोडं नुकसान म्हंजे नुकसानच की. रोग नसताना कशाला घालायची?" आणि त्या चार घरांकडे गाडी वळवली.

आणि मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक, पातळ चष्मा, कडक इस्त्री, समोर चहा. नियम असा, की मार्गदर्शकानं मध्ये बोलायचं नाही. मॅडम माझ्या शेजारी, परीक्षकांच्या अगदी समोर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सराव झालेला होता.

मी सगळं नीट सांगितलं. परीक्षक मान डोलवत होते. मग त्यांनी पद्धतीच्या प्रकरणाचं एक पान उघडलं आणि पेन्सिल ठेवली. "हे काय आहे?"

मी वाचून दाखवलं. "सर्व प्रयोगांच्या वेळी मार्गदर्शक प्रयोगशाळेत उपस्थित होत्या व गप्प होत्या."

मागे बसलेली मुलं खुसखुसली.

"हे शास्त्रीय विधान नाही," परीक्षक म्हणाले. "असं कुठल्या प्रबंधात असतं? काढून टाका, म्हणजे मग मी सही करतो."

मी मॅडमकडे पाहिलं. माझ्या पदवीत आणि माझ्यात आता ते एक वाक्य उभं होतं, आणि खरं सांगायचं तर माझं पेन हातात आलं होतं. मॅडमनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, सुरी घाईत लावणाऱ्या मुलीच्या हातावर ठेवायच्या तशी. मग त्या परीक्षकांकडे वाकल्या आणि नियम मोडून, पण आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तितक्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, ते वाक्य काढायचं असेल तर सगळी कोष्टकंही काढावी लागतील. ती त्याच्यावरच उभी आहेत. मी बोलत होते तेव्हाचे आकडे परिशिष्टात आहेत. बघा."

परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं. एकदा वाचलं. परत मागचं पान वाचलं. मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, ते अजून तितकंच जवळ होतं.

मग त्यांनी समोरचा चहाचा कप अलगद बाजूला सरकवला, त्यावर बशी पालथी घातली आणि सहीसाठी पेन काढलं.

"राहू द्या," ते म्हणाले.